पाणी धरणारा दाणा : महाशोषक बहुवारिके, त्यांचे उपयोग आणि त्यांचा शेवट



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी कारेलीबागेतील या शाळेत कित्येक पिढ्यांना रसायनशास्त्र शिकविले. त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी व्यवस्थापक मंडळाचा ऋणी आहे. सरांना गौरवपर भाषणे आवडत नसत, ही गोष्ट येथील बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून मी थेट विषयाकडे वळतो.

यंदाचा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. शाळेला देणगी म्हणून काय द्यावे यासंबंधी माजी विद्यार्थी संघाकडे दोन सूचना आल्या आहेत आणि त्या कार्यवाहांनी मला पत्राने कळविल्या. पहिली सूचना अशी की, शाळेच्या बागेत पाणी वाचविणारे ‘हायड्रोजेल’ नावाचे दाणे घालावेत. दुसरी अशी की, मुलींच्या स्वच्छतागृहात वापरलेले सॅनिटरी नॅपकिन जाळण्याचे यंत्र बसवावे. सूचना करणारी मंडळी वेगवेगळी आहेत. गंमत अशी की, बागेत जो दाणा घालावयाचा आणि यंत्रात जो जाळावयाचा, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातला आहे. इंग्रजीत त्याला सुपरअ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर म्हणतात. आपण त्याला महाशोषक बहुवारिक म्हणू. बहुवारिक म्हणजे एकाच प्रकारचे लहान रेणू साखळीसारखे जोडून झालेला लांबलचक रेणू.

बडोद्यात रसायनशास्त्रावर बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही. 1890 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनज्ञाकडे सोपविली. 1907 मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिकची स्थापना केली. पुढे 1965 मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला व 1969 मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना झाली. तेथे अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि त्यापासूनचा अ‍ॅक्रिलिक धागा तयार होऊ लागला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या स्वेटरांत तो धागा होता. शहराच्या उत्तरेस दुमाडला इंडियन ऑइलचा अ‍ॅक्रिलिक व ऑक्सो-अल्कोहोल प्रकल्प उभा राहिला असून त्याचे उद्‌घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झाले. प्रॉपिलीन वायूचे हवेतील ऑक्सिजनशी दोन टप्प्यांत संयोग घडवून अ‍ॅक्रिलिक आम्ल बनते. त्याचा मोठा वाटा रंग आणि चिकटद्रव्ये यांच्या कामी येतो, आणि जगभरातील फार मोठा वाटा आजच्या आपल्या दाण्याच्या कामी. म्हणजे हा विषय आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

पाणी शोषून फुगणारे पदार्थ आपल्याला नवीन नाहीत. उन्हाळ्यात सब्जाचे बी पाण्यात टाकले की घटकाभरात त्याभोवती पारदर्शक गर जमतो. इसबगोलाचे तर गुजरात हे माहेरघरच होय. ऊंझा आणि सिद्धपूर येथून त्याची फोलपटे जगभर जातात, आणि चमचाभर भुशी पेलाभर पाणी खिरीसारखे दाट करते हे ज्येष्ठ श्रोत्यांना स्वानुभवाने माहीत असेल. डभोई-करजणकडची काळी जमीनही याच जातीची. पावसात ती फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातील चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व निघून जाते. निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच साधलेली आहे. माणसाने केले ते एवढेच की, फुगण्याचे प्रमाण दहा-वीस पटींवरून काहीशे पटींवर नेले.

हे कसे घडते ते थोडक्यात पाहू. अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या रेणूंची साखळी करून तिच्यातील बराचसा आम्लभाग सोडियमने उदासीन केला, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट मिळते. पाण्यात पडल्यावर त्यातील सोडियमचे आयन सुटे होतात आणि साखळीवर ऋण विद्युतभार उरतो. सजातीय भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे गुंडाळलेली साखळी उलगडते. सुटे झालेले सोडियम आयन मात्र साखळीपासून दूर जाऊ शकत नाहीत. आत आयनांची गर्दी आणि बाहेर स्वच्छ पाणी, अशी स्थिती झाली की पाणी आत धाव घेते. यालाच तर्षण म्हणतात. मनुका पाण्यात फुगते तीही याच न्यायाने. साखळ्या मोकळ्या असत्या तर त्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या. तसे होऊ नये म्हणून त्या एकमेकींना ठिकठिकाणी आडव्या बंधांनी बांधून ठेवतात. बंध फार झाले तर दाणा फुगत नाही, फार थोडे झाले तर त्याचा चिकट लगदा होतो. या ओढाताणीचे गणित पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी 1943 मध्ये मांडले. बहुवारिकांवरील एकंदर कार्यासाठी फ्लोरींना 1974 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता समोरच्या टेबलाकडे पाहावे. या चंचुपात्रात एक ग्रॅम दाणे आहेत. वर मी दोनशे मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी ओततो आणि आपण बोलत राहू... पाहा, पात्र उपडे केले तरी थेंब सांडत नाही. मागे बसलेल्यांनी कृपया पुढे यावे. आता याच गोळ्यावर मी स्वयंपाकघरातील मीठ दोन चमचे टाकून ढवळतो. ज्या पाण्याला आपण कोंडले असे समजत होतो, ते पुन्हा बाहेर येत आहे. बाहेरही आयनांची गर्दी झाली, आत ओढण्याचे बळ सरले, आणि दाणा आकसला. ऊर्ध्वपातित पाण्यात जो दाणा आपल्या वजनाच्या तीनशे पट पाणी धरतो, तोच शरीरातील द्रवाएवढ्या खारट पाण्यात तीस ते साठ पट धरतो, आणि वर वजन पडले तर त्याहूनही कमी. पाण्यात कॅल्शियम असेल तर कथा आणखी बिघडते. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार असतात. तो दोन साखळ्यांना एकत्र बांधतो आणि दाणा आतूनच आवळला जातो.

हा मिठाचा प्रयोग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. या दाण्यासंबंधीच्या जाहिरातींत जे आकडे छापलेले असतात ते बहुतेक वेळा ऊर्ध्वपातित पाण्याचे असतात, आणि ऊर्ध्वपातित पाणी शेतातही नसते व बाळाच्या लंगोटातही नसते. पुढे मी जे सांगणार आहे त्याचा बराच भाग या एका प्रयोगातून निघतो.

या पदार्थाचा जन्म शेतीच्या प्रयोगशाळेत झाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे कृषी खात्याची संशोधन प्रयोगशाळा आहे. भोवती मक्याचा प्रदेश. मक्याच्या स्टार्चला नवे उपयोग शोधणे हे तिचे काम. तेथे वीव्हर, बॅग्ली, फांटा आणि डोन या शास्त्रज्ञांनी स्टार्चवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्यांचे कलम केले, अल्कलीने त्यांचे रूपांतर घडविले, आणि शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ त्यांच्या हाती आला. 1976 मध्ये त्याची एकस्वे मिळाली. लोकांनी त्याला ‘सुपर स्लर्पर’ असे गमतीदार नाव दिले. त्यांच्या डोळ्यांसमोर बियाणे आणि कोरडी जमीन होती. परंतु 1978 च्या सुमारास जपानमध्ये त्याचा वापर सॅनिटरी नॅपकिनमध्ये सुरू झाला आणि मग बाळांच्या लंगोटांत. शेतासाठी जन्मलेला दाणा घरात शिरला आणि तेथेच स्थिरावला. आज जगात दरसाल तीस लाख टनांच्या आसपास वा अधिक इतके महाशोषक तयार होते आणि त्याचा बहुतांश भाग एकदाच वापरून फेकण्याच्या वस्तूंत जातो. स्टार्चही मागे पडला. शुद्ध अ‍ॅक्रिलिक आम्लापासून केलेला दाणा स्वस्त आणि खात्रीचा ठरला.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात स्टार्चवर आधारलेले असेच एक महाशोषक विकसित केले होते. त्याचे नाव ‘जलशक्ती’. मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणग्रस्त भाग पाहता पुण्यात हे काम व्हावे हे स्वाभाविकच होते. आज ते नाव शेतकऱ्यांच्या बोलण्यात येत नाही, आणि 2019 मध्ये केंद्रीय मंत्रालयाला हेच नाव मिळाल्यापासून तर त्या दाण्याचा शोध घेणेही अवघड झाले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुढे ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. त्याचा पाया वनस्पतींतील सेल्युलोजचा असून त्यावर अ‍ॅक्रिलेटचे कलम आहे. हे आज खाजगी कंपन्यांमार्फत बाजारात मिळते. शाळेच्या बागेसाठी ज्या दाण्यांची सूचना आली आहे ती बहुधा याच्याकडे पाहून.

आता हिशेब करू. सरांना हिशेब आवडत असे. पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो इतकी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात ते आपल्या वजनाच्या सुमारे 350 पट पाणी धरते. म्हणजे पाच किलो दाण्यांत, पाणी पूर्ण निर्मळ आहे असे धरूनही, 1,750 लिटर पाणी मावेल. एका हेक्टरवर पाच सेंटिमीटरची एक पाळी दिली तर पाणी लागते पाच लाख लिटर. दाण्यांत मावणारे पाणी त्याच्या 285 व्या भागाएवढे झाले. मग विहिरीचे पाणी कठीण असेल तर किती उरेल, हे मघाचा प्रयोग सांगतो. ‘दाणे टाका आणि पाण्याच्या निम्म्या पाळ्या वाचवा’ असे कोणी सांगत असेल, तर त्याने या भागाकाराचे उत्तर द्यावे.

याचा अर्थ दाणा निरुपयोगी आहे असा मात्र नाही. तो शेतभर पसरायचा नसतो. बियाण्याबरोबर सरीत, मुळाच्या जवळ तो पडला, तर उगवणीच्या नाजूक आठवड्यात रोपाभोवती ओल टिकते, आणि पाऊस पडला की तो पुन्हा भरतो. वनस्पतीचे मूळ साधारण पंधरा वातावरणांच्या दाबाइतक्या ओढीने मातीतून पाणी खेचू शकते. दाण्याने धरलेले पाणी त्याहून बऱ्याच सैल पकडीत असते, म्हणून मुळाला ते मिळते. येथे पकड सैल असणे हाच गुण आहे. मडक्यासारखे पाणी कोंडून ठेवणारा दाणा शेताच्या काही कामाचा नाही.

कुंडीत आणि रोपवाटिकेत हिशेब पूर्ण पालटतो. दहा किलो मातीच्या कुंडीत दहा ग्रॅम दाणे घातले आणि नळाच्या पाण्यात ग्रॅममागे शंभर मिलिलिटर एवढेच धरले, तरी एक लिटर पाणी जास्तीचे साठते. गच्चीवरच्या कुंड्यांना, रस्त्याच्या दुभाजकावरील झाडांना, गोराडू किंवा कच्छकडच्या रेताड मातीत लावलेल्या रोपांना तो एक लिटर जीवनदायी ठरू शकतो. काळ्या जमिनीला मात्र त्याची गरज मी फारशी मानत नाही. जी माती स्वतःच फुगते, तिला आणखी फुगणाऱ्याची सोबत देऊन तिच्यातील हवा का घालवावी? महाराष्ट्रातून आलेल्या आणि आपल्या जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी हे मला विचारले होते, तेव्हाही मी हेच सांगितले. खताचेही तसेच. युरिया आयनरूप नसल्याने त्याचा दाण्यावर फारसा परिणाम होत नाही. परंतु कॅल्शियमयुक्त खते आणि खारवट पाणी त्याला लवकर थकवतात.

मग हा दाणा जमिनीत राहतो किती दिवस? येथे टिकाऊपणाचा अर्थ बदलतो. दुकानदार जेव्हा ‘टिकाऊ’ म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते की दाणा अनेक हंगाम फुगत राहील. पर्यावरणाचा अभ्यासक जेव्हा हा शब्द उच्चारतो तेव्हा तो विचारतो की, फुगणे थांबल्यावर त्याचे काय होते? पॉलिअ‍ॅक्रिलेटचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला आहे, आणि मातीतील सूक्ष्मजीवांना तो फोडणे फार कठीण जाते. ऊन, नांगरट आणि क्षार यांनी दाण्याचे तुकडे होतात. पण तुकडे होणे आणि नाहीसे होणे यांत फरक आहे. तो विषारी आहे असे म्हणता येणार नाही. तो फक्त जात नाही. याच कुळातील पॉलिअ‍ॅक्रिलामाइड वापरताना शिल्लक राहिलेल्या अ‍ॅक्रिलामाइडकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 1994 मध्ये त्याला मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात घातले. युरोपीय संघाने 2019 च्या खतनियमांत अशा बहुवारिकांना जैविक विघटनाची अट घालण्याचे ठरविले आणि 2024 मध्ये त्याच्या कसोट्या निश्चित केल्या. आपल्याकडील एका तरुणाने, राजस्थानच्या नारायणलाल गुर्जर यांनी, फळांच्या सालींपासून विघटनशील दाणा बनविण्याचा उद्योग उभारला आहे आणि जपानमधील ओकिनावाशी त्याचे नाते जोडले आहे. अशा दाण्यांची शोषणशक्ती अ‍ॅक्रिलेटपेक्षा कमी असते, पण ते मातीचे होतात. शेतासाठी हा सौदा मला योग्य वाटतो. ऊंझ्याच्या इसबगोलावर या दृष्टीने आपल्या विद्यापीठात अधिक काम व्हावे अशी माझी इच्छा आहे.

या दाण्याचे इतर उपयोग मी धावतच सांगतो. जमिनीखालच्या तारांत पाणी शिरले तर पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या पट्ट्या गुंडाळतात. काँक्रीट आतून ओले राहावे म्हणून ते वापरतात. रुग्णालयात सांडलेले द्रव घट्ट करण्यास, मासळीच्या वेष्टनात तळाशी, आगीवर टाकावयाच्या लेपात, अशा अनेक ठिकाणी ते आहे. पुराच्या वेळी वाळूच्या पोत्याऐवजी पाण्यात टाकताच फुगणाऱ्या पिशव्याही निघाल्या आहेत. 2019 चा जुलै अखेरीचा पाऊस आणि 2024 च्या ऑगस्टचा विश्वामित्रीचा पूर ज्यांनी कारेलीबागेत पाहिला, त्यांना या पिशव्यांविषयी उत्सुकता वाटेल. परंतु नदीच्या पात्रात जागा नसेल तर दारातली पिशवी किती पाणी अडवणार?

आणि कारखान्याविषयीही एक वाक्य. अ‍ॅक्रिलिक आम्ल स्वतःच स्वतःशी जोडले जाऊन तापते, हा त्याचा स्वभाव आहे. 29 सप्टेंबर 2012 रोजी जपानमधील हिमेजी येथे त्याच्या टाकीचा स्फोट झाला. एक अग्निशामक जवान मृत्यू पावला आणि छत्तीस माणसे जखमी झाली. तेव्हा तो कारखाना जगातील महाशोषकाचा मोठा हिस्सा पुरवीत होता. रासायनिक कारखान्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या शहराने ही घटना विसरू नये.

आता दुसऱ्या सूचनेकडे येतो. हा विषय व्यासपीठावरून बोलण्याचा नाही असे मानणारा काळ आपण पाहिला आहे. मी तो शास्त्राचा विषय म्हणून बोलणार आहे, आणि सभागृहातील मुलींनी तो त्याच रीतीने ऐकावा.

सॅनिटरी नॅपकिनमध्ये महाशोषक दाण्यांचे वजन साधारण ग्रॅमभर वा त्याहून कमी असते, बाळाच्या लंगोटात दहा ते पंधरा ग्रॅम. बाकी लाकडाचा लगदा, प्लॅस्टिकचा पातळ पडदा, विणलेला नसलेला कृत्रिम कपडा आणि गोंद. या वस्तूने मुलींना शाळेत येण्याचे, खेळण्याचे आणि परीक्षेला बसण्याचे स्वातंत्र्य दिले. तिची निंदा करणाऱ्यांनी आधी आपल्या घरातील आजींना त्यांचे दिवस कसे गेले ते विचारावे. तथापि, शोषण अधिक म्हणजे नॅपकिन दिवसभर बदलू नये असा समज पसरला तर तो घातक आहे. अमेरिकेत 1980 मध्ये फार शोषणाऱ्या टॅम्पॉनचा संबंध ‘टॉक्सिक शॉक’ या गंभीर आजाराशी लागला आणि ‘रिलाय’ नावाचा एक प्रकार बाजारातून काढून घ्यावा लागला. नॅपकिनची गोष्ट तितकी धोक्याची नाही. परंतु स्वच्छतागृहात पाणी आणि कडी नसल्याने जी मुलगी सकाळपासून सायंकाळपर्यंत बदल करीत नाही, तिची अडचण दाण्याने सुटत नाही, फक्त ती झाकली जाते.

भारतात वर्षाला सुमारे 12 अब्ज नॅपकिन वापरून टाकले जातात, त्यांचे वजन 1,13,000 टन होते, असा अंदाज 2018 मध्ये मांडला गेला. ते जातात कोठे? कचरावेचक स्त्रियांच्या हातात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा प्रश्न ज्या रीतीने लोकांसमोर आणला, ती मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. ओला-सुका कचरा हाताने निवडणाऱ्या या बायकांना दररोज वापरलेली नॅपकिन उलगडलेली, दुर्गंधी येणारी अशी हाताळावी लागत. 2013 मध्ये त्यांनी गोळा केलेली नॅपकिन ती बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम केली. मागणी साधी होती : वस्तू विकता, तर ती गुंडाळून टाकण्याची सोयही द्या. पुढे नागरिकांना त्यांनी सांगितले की, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उलगडून पाहावे लागणार नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर वेष्टन पुरविण्याची जबाबदारी घातली. ठिपका काढण्यास पैसा लागत नाही. तो काढावयास लागते ती आपल्या मागे कोणीतरी हे उचलणार आहे याची आठवण.

दाणा येथे गुंतागुंत वाढवितो ती अशी. शेतात पाणी सैल धरणे त्याचा गुण होता. नॅपकिनमध्ये दाबाखालीही न सोडणे हा गुण मानला जातो, आणि त्याच गुणाने टाकून दिलेली वस्तू ओली, जड आणि न जळणारी होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे 540 कॅलरी उष्णता लागते. लहान विद्युत यंत्रात ओल्या वस्तूला हवे ते तापमान गाठण्यापूर्वीच प्लॅस्टिक अर्धवट जळते, धूर होतो, आणि आखूड धुराडे तो धूर बाजूच्या वर्गाच्या खिडकीत सोडते. अर्धवट जळण्यात कोणते घातक वायू निघू शकतात याची यादी येथे देण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग मघाच्या मिठात आहे. कॅल्शियमचा क्षार किंवा आम्ल घातले की दाणा आकसतो आणि पाणी सोडतो. मग लगदा, प्लॅस्टिक आणि दाणा वेगवेगळे करणे शक्य होते. जपानमध्ये कागोशिमा प्रांतातील शिबुशी येथे युनिचार्म ही कंपनी 2016 पासून नगरपालिकेच्या साह्याने वापरलेले लंगोट गोळा करून, ओझोनने निर्जंतुक करून, त्यातील लगदा पुन्हा वापरण्याचे काम करीत आली आहे. पुण्यात अजिंक्य धारिया यांची ‘पॅडकेअर’ नॅपकिन गोळा करून त्यांवर अशाच हेतूने प्रक्रिया करते. अशा कामास नेमून दिलेली पेटी, ठरलेल्या दिवशी येणारी गाडी आणि पैसे लागतात. दाणा तयार करणाऱ्याने तो विकला त्याच दिवशी याची व्यवस्था का असू नये, असा प्रश्न ‘स्वच्छ’च्या बायकांनी विचारलाच आहे.

आता शाळेपुढील सूचनांबाबत माझे मत. बागेसाठी दाणे विकत घेण्यापूर्वी नववीच्या विद्यार्थ्यांनी वीस कुंड्यांवर प्रयोग करावा : दहांत दाणे, दहांत नाहीत. निम्म्यांना नळाचे पाणी द्यावे आणि निम्म्यांना शाळेच्या कूपनलिकेचे. किती दिवसांनी पाने मान टाकतात ते रोज लिहावे. फळांच्या सालीचा दाणा मिळाला तर तोही त्यांत घ्यावा. उत्तर काय येईल ते मी सांगणार नाही, कारण ते कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांवर अवलंबून आहे आणि ते पाणी मी तपासलेले नाही.

दहनयंत्राच्या सूचनेला माझा विरोध आहे. त्या रकमेतून मुलींच्या स्वच्छतागृहांची संख्या वाढवावी, प्रत्येकात नळ, साबण आणि आतून लागणारी कडी असावी, आणि झाकण असलेली पेटी ठेवावी. पेटीतील वस्तू महानगरपालिकेच्या गाडीत वेगळ्या, गुंडाळलेल्या आणि लाल ठिपक्याच्या जाव्यात. उरलेल्या पैशातून शाळेत कचरा उचलणाऱ्या सफाई कामगार भगिनींना हातमोजे द्यावेत, वर्षातून एकदा नव्हे, झिजतील तेव्हा. बडोद्यात या वस्तूंवर प्रक्रिया करणारी सोय ज्या दिवशी उपलब्ध होईल, त्या दिवशी ही पेटी तिकडे वळविता येईल. एकदा बसविलेले यंत्र मात्र कोणी काढून टाकीत नाही.

माझा वेळ संपला आहे. टेबलावरचे दाणे कोणी नेऊ नयेत, ते गटारात गेले तर गटार तुंबेल. प्रश्न असल्यास मी येथेच थांबलो आहे.